शिकाऊ विमानातही रेकॉर्डर सक्तीचा करा

गोंदियाकर:
१८ मार्च २०२३ ला आमच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेले. मोठ्या विमानांना ब्लॅक बॉक्स, म्हणजे उड्डाणाची आणि कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद ठेवणारा रेकॉर्डर लागतो, या छोट्यांना नाही. दोघंही गेल्यावर शेवटच्या मिनिटाला काय घडलं ते सांगणार कोण? मग चूक मेलेल्या वैमानिकाच्या नावावर टाकणं सगळ्यात सोपं. जुलै २०२१ मध्ये चोपड्याजवळ सातपुड्यात विमान पडलं, प्रशिक्षक गेले, पण शिकणारी मुलगी वाचली. निदान सांगायला कोणी होतं. रेकॉर्डर सक्तीचा हवाच.

उजवी सीट:
बरीच वर्षं शिकवलंय, म्हणून स्पष्ट विरोध. रेकॉर्डर बोलतो तो माणसं गेल्यावर. डीए४० या शिकाऊ विमानात गार्मिन जी१००० ही डिजिटल पडद्यांची यंत्रणा असेल आणि त्यात मेमरी कार्ड घातलेलं असेल, तर उड्डाणाची नोंद आजही होते. ती दुसऱ्या दिवशी उघडून विद्यार्थ्याबरोबर बघा, जीव त्यानं वाचतील. सेसना १५२ या दुसऱ्या शिकाऊ विमानाचं उत्पादन १९८५ मध्येच थांबलं, त्यात काय काय बसवणार? युरोपनंही २०२२ पासून हलके रेकॉर्डर सक्तीचे केले ते मुख्यतः २,२५० किलो आणि त्यापुढच्या वजनाच्या, टर्बाइन इंजिनाच्या नव्या विमानांना. आणि तपास दोष ठरवण्यासाठी नसतोच, अपघात तपासाचे २०१७ चे आपले नियमही तेच सांगतात.

गोंदियाकर:
सर, नियमात नसेल, पण गावात दोष ठरतोच. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना तो रोज ऐकावा लागतो. आणि हे २,२५० किलो मला फार टोचतं. ३० दिवसांत प्राथमिक अहवाल द्यायचा आंतरराष्ट्रीय दंडकही सरसकट लागू होतो तो त्याच वजनापुढे. डीए४० भरून तेराशे किलोच्या आसपास. विमान हलकं, म्हणून उत्तराची घाई नाही?

लेकीचा बाबा:
माझी मुलगी सध्या उड्डाणाचे तास भरतेय. सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला, २०० तास लागतात, घर गहाण आहे. पावसाळ्यात दिवसच्या दिवस उड्डाण नाही, मग ऊन पडलं की सगळ्यांची एकच झुंबड. मला त्या घाईची भीती जास्त वाटते. सरांचं कार्डाचं म्हणणं पटलं. पण मुलांच्या फीमधून विमानं उडतात, तर रेकॉर्डरला पैसे नाहीत असं कोणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही.

उजवी सीट:
बाबा, पैशाचं सोडा. उंची, वेग, दिशा यांची नोंद सक्तीची करा, माझी सही घ्या. आवाजाला मात्र नाही. पहिल्यांदा स्टॉल, म्हणजे पंखांची उचल अचानक कमी होणं, शिकताना पोरं घाबरून ओरडतात, नको ते प्रश्न विचारतात. रेकॉर्डिंग चालू आहे म्हटलं की गप्प बसतील, आणि गप्प बसलेला विद्यार्थी मला सगळ्यात धोकादायक वाटतो.

गोंदियाकर:
तुमची अडचण कळते, तरी मला आवाजच हवा. दोन्ही सीटपुढे कंट्रोल असतात. शेवटी ‘आय हॅव कंट्रोल’, म्हणजे विमान आता माझ्या हातात, असं कोण म्हणालं, आणि कोणी म्हणालंच नाही का, हे उंचीच्या आकड्यांत सापडत नाही.