दौऱ्यावरचा माणूस रात्रीच परत आणायचा, हा हट्ट कुणाचा?
(ऑनलाइन धागा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

बगॅस
परवा आमच्या एमआयडीसीच्या ग्रुपवर एका एचआरवाल्या साहेबांची पोस्ट फिरत होती. सार असं: दौऱ्यावर जाणारा माणूस सज्ञान असतो, आम्ही विमा काढतो, लोकेशन शेअर करायला लावतो, सीटबेल्टची सूचना देतो, त्यापुढे त्याचं त्याने बघावं. खाली चाळीसेक अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

चौदा वर्षं साखर कारखान्यांवर सर्व्हिस इंजिनिअर म्हणून फिरतोय. गळीत हंगाम सुरू झाला की आमचं चक्र ठरलेलं. पहाटे पाचला पुणे सोडायचं, सोलापूर जिल्ह्यातला कारखाना गाठायचा, दिवसभर बॉयलरपाशी काम, आणि रात्री परत. परत का, तर दुसऱ्या दिवशी दहाला रिपोर्ट टेबलावर हवा आणि मुक्कामाला वेगळी मंजुरी लागते. ती मागितली की प्रश्न येतो, "काम एका दिवसात होत नाही का?"

हंगामातले ते रस्ते ज्याने रात्री पाहिलेत त्यालाच कळेल. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, बाजूने ऊस लोंबतोय. हेडलाइटच्या उजेडात ती ट्रॉली अंधारासारखीच दिसते. दोन वर्षांपूर्वी टेंभुर्णीच्या अलीकडे आमच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा उसाची टोकं बॉनेटवर टेकली होती. सीटबेल्ट होता, लोकेशन चालू होतं, विमाही होता. गाडी थांबवली ती ड्रायव्हरच्या पायाने, आणि तो माणूस पहाटे साडेतीनपासून जागा होता.

मीटिंग किती वाजता, मुक्काम द्यायचा की नाही, गाडी कुठली, हे सगळं ऑफिसात ठरतं. मग रस्त्यावरचा धोका एकट्या माझा कसा? माझं म्हणणं एवढंच आहे: रात्री दहा ते पहाटे पाच कंपनीच्या कामासाठी कुणीही रस्त्यावर नको.

हिशेबवही
बगॅस, राग समजतो, पण हे एकतर्फी आहे. माझी बावीस माणसांची फर्म, कॉम्प्रेसर दुरुस्तीचं काम. मुक्कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. पोरंच थांबत नाहीत! मुक्कामाचा भत्ता ठोक देतो, तो खिशात घालतात आणि गाडी हाणत घरी येतात. गेल्या पावसाळ्यात एकजण महाडहून ताम्हिणीमार्गे धुक्यात रात्री दीडला पुण्यात पोचला. सकाळी विचारलं तर म्हणे, मुलीचा वाढदिवस होता. आता त्याला काय बांधून ठेवू? आणि ज्याचं मशीन बंद पडलंय तो उजाडायची वाट बघत बसेल का? दुसऱ्याला बोलावेल.

बगॅस
ठोक भत्ता देता तिथेच चुकतंय. खोलीचं बिल कंपनीने परस्पर भरा, मग वाचवायला काही उरणार नाही. वाढदिवसाचं आधी कळलं असतं तर दुसरा माणूस पाठवता आला असता. आधी विचारलं होतंत का?

नागपूरकर
रस्ते सुधारले की हे प्रश्न आपोआप सुटतात. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग बघा, 701 किलोमीटर, 5 जून 2025 पासून पूर्ण खुला. ना ट्रॉली, ना बैलगाडी, ना टू-व्हीलर.

बगॅस
समृद्धीवरच 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, 25 माणसं गेली. नागपूरहून पुण्याला चालली होती. ताशी 120 ची मर्यादा असलेला सरळसोट रस्ता आणि झोपेची वेळ, हे एकत्र आलं की रस्ता चांगला असून भागत नाही.

लेखापरीक्षणवाली
मुक्काम मिळाला म्हणजे माणूस सुरक्षित झाला असं सगळे धरून चाललेत, म्हणून लिहिते. मी शाखांचं ऑडिट करते, महिन्यातले बारा-पंधरा दिवस तालुक्याच्या गावांत. खोलीची मर्यादा अकराशे रुपये. त्या पैशात मिळतं ते बसस्टँडसमोरचं, खाली परमिट रूम असलेलं लॉज. एके ठिकाणी दाराला आतून कडीच नव्हती, नुसती भोकं. रात्रभर टेबल दाराला लावून त्यावर बॅग ठेवून बसले. अडीचच्या सुमाराला कुणीतरी हँडल फिरवून पाहिलं. दोनदा.

तक्रार केली तर उत्तर आलं, हे ऑफिसच्या आवारात घडलेलं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे, त्यात कामाच्या ठिकाणाची व्याख्या वाचा. कामानिमित्त भेट दिलेली जागा त्यात येते, मालकाने दिलेलं वाहनही येतं. हे मला माझ्याच एचआरला वाचून दाखवावं लागलं. तेव्हा बगॅसदादा, त्या रात्री मला परतीची गाडी मिळाली असती तर मी तुमचं दहा ते पाच पाळलं नसतं.

बगॅस
ताई, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मान्य. तरी नियम मोडण्यापेक्षा ती अकराशेची मर्यादा मोडली पाहिजे, असं मी म्हणेन.

घाटातला एमआर
तुम्हाला गाडी तरी मिळते. आम्ही औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बाईकवर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बाईकला बंदी, म्हणजे जुन्या हायवेने कंटेनरच्या रांगेतून बोरघाट. किलोमीटरला पेट्रोलचे पैसे किती, ते विचारू नका. विक्री प्रतिनिधींसाठीच्या 1976 च्या कायद्याने आम्हाला 1923 चा कामगार भरपाई कायदा लागू केला होता, तो मेल्यावर किंवा हातपाय मोडल्यावर उपयोगाचा होता. पावसात बाईक काढू नकोस असं सांगणारा मॅनेजर मला अठरा वर्षांत भेटला नाही.

स्टिअरिंग
सगळे स्वतःच्या झोपेचं बोलताय. ड्रायव्हर कुठे झोपतो, हे विचारलंय कुणी? माझ्या तीन गाड्या आहेत, एक मी स्वतः चालवतो. साहेब लॉजवर, आम्ही पार्किंगमध्ये सीट पाडून. काच बंद केली तर गुदमरतं, उघडली तर डास. चारला उठून पंपावर तोंड धुवायचं, आणि साडेपाचला साहेब ताजेतवाने होऊन मागे बसतात. तुमचं दहा ते पाच पाळलं तरी स्टिअरिंगवर अर्धवट झोपलेलाच माणूस आहे.

आणि एका दिवसात परत का, तेही सांगतो. बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान 300 किलोमीटरचं भाडं लागतं. मुक्काम केला की दुसरा दिवस लागला, गाडी उभी राहिली तरी. म्हणून अकाउंटवाले म्हणतात, रात्रीच या.

हिशेबवही
मग चूक तुमची आहे! ड्रायव्हर तुमचा, त्याच्या झोपेची सोय तुम्ही करा. आम्ही ड्रायव्हर भत्ता वेगळा देतो, त्यात खोली घ्यायला कुणी अडवलंय?

स्टिअरिंग
तीनशे रुपयांत कुठल्या गावात खोली मिळते, दाखवा मला. त्यातच दोन वेळचं जेवण. आणि भाडं वाढवलं की तुम्ही दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॅव्हल्सला फोन लावता. मागच्या महिन्यात एका कंपनीने किलोमीटरमागे एका रुपयासाठी सहा वर्षांचं काम काढून घेतलं.

नागपूरकर
धागा कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा आहे. ड्रायव्हरचा वेगळा काढा की.

स्टिअरिंग
गाडी धडकली तर वेगवेगळे मरतो का आपण?

हिशेबवही
आवाज खाली ठेवून बोला. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाड्या भाड्याने पाठवणारे तुमच्यातलेच आहेत. अपघात झाला तर त्यांचा विमा क्लेम अडकतो, तेव्हा कुठे जाते ही कळकळ?

स्टिअरिंग
माझ्या तिन्ही गाड्या पिवळ्या प्लेटच्या, परमिट आणि फिटनेससकट. पांढरीवाला स्वस्त पडतो म्हणून बोलावता तुम्हीच.

लेखापरीक्षणवाली
दोघंही थांबा. 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदासुद्धा ड्रायव्हरला साधारण दिवसाचे आठ तास धरून चालत होता, आणि तोही पाच किंवा जास्त कामगार असले तरच. तीन गाड्यांवाल्यांकडे तेव्हाही कुणी पाहिलं नाही. म्हणून गाडी ठरवणाऱ्यानेच विचारायचं, हा ड्रायव्हर काल रात्री कुठे होता.

बगॅस
स्टिअरिंगदादा, टेंभुर्णीचं वर लिहिलं आणि आता तुमचं वाचतोय. त्याने ब्रेक दाबून माझा जीव वाचवला. पुढे भिगवणला आम्ही चहाला थांबलो. तो बाटलीभर पाणी डोळ्यांवर मारत होता आणि मी मोबाइलवर रिपोर्ट टाइप करत होतो. रात्री पावणेबारा. तू झोपलास कधी, हे मी विचारलं नाही. दहा ते पाच मी मागे घेत नाही, पण त्यात ड्रायव्हरची खोली धरली नव्हती, ही चूक माझी.

हिशेबवही
ठीक. ठोक भत्ता या महिन्यापासून बंद करतो, खोलीचं बिल परस्पर भरतो. दौऱ्याच्या फॉर्मवर परतीची वेळ लिहायचा रकानाही टाकतो, रात्री दहानंतरची असेल तर सही माझी. ड्रायव्हरच्या खोलीचं मात्र वेगळं बिल मी घेणार नाही. भाड्यात धरा.

स्टिअरिंग
भाड्यात धरतो. चारशे वाढतील. पुढच्या महिन्यात फोन मलाच येतो की पांढऱ्या प्लेटवाल्याला, बघू. आत्ता निघतोय, बार्शीची ट्रिप आहे. साहेबांची मीटिंग संध्याकाळी सहाला आणि मुक्काम नाही.