चेटकिणी, व्हॅम्पायर आणि न पोचलेलं आमंत्रण

टेरी प्रॅचेटची 'कार्पे जुगुलम' (१९९८) ही विनोदी कादंबरी परवा तिसऱ्यांदा वाचली. लँकर नावाचं चिमुकलं डोंगरी राज्य, तिथे राजकन्येचं बारसं. राजा पडला सुधारक, म्हणून शेजारच्या उबरवाल्डमधल्या व्हॅम्पायर कुटुंबालाही बोलावणं धाडतो आणि पाहुणे मुक्कामच ठोकतात. तुम्ही कुठे हसलात, कुठे अडकलात? आवडली नसेल तरी लिहा. शेवट फुटेल, आधीच सांगते.

कंदीलवाली: मी आमंत्रणापाशीच अडकले. लँकरची म्हातारी चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स, तिला आमंत्रण गेलेलं असतं, पण ते सोनेरी कडेचं कार्ड मॅगपाय पक्षी पळवतात. तिला वाटतं, आपल्याला वगळलं. विचारत नाही, भांडत नाही. घर झाडूनपुसून ठेवते आणि चालू लागते. माझी आजी डिट्टो. एका मुंजीची पत्रिका पोस्टाने आली, अक्षत द्यायला घरी कोणी आलं नाही. आजी गेली नाही. कारण? गुडघा. त्या घरच्या प्रत्येक कार्याला पुढे चार वर्षं तो गुडघा दुखला. लेखक इंग्रज, पण मानपान बरोबर कळलाय बाबाला. बारशाचा गोंधळ तर विचारू नका! स्पेलिंग चुकू नये म्हणून आईने चिठ्ठीत 'नोट स्पेलिंग' लिहिलं, तर तेही बाळाच्या नावात गेलं.

अर्धाकप: शंभरेक पानांत सोडली. चेटकिणींच्या मालिकेतलं हे सहावं पुस्तक, मी थेट इथेच उडी मारली. कोण कुणाची कोण, पत्ता लागेना. आणि ते फिनिक्सचं, म्हणजे राखेतून जन्मणाऱ्या पक्ष्याचं, उपकथानक काढलं असतं तर काय बिघडलं असतं?

फळाखडू: स्पर्धापरीक्षेच्या क्लासवर शिकवतो, त्यामुळे काउंट, म्हणजे त्या व्हॅम्पायर कुटुंबाचा प्रमुख, मला नको इतका ओळखीचा वाटला. स्वतःच्या पोरांना लसणाची सवय लावतो, धर्मोधर्मीची पवित्र चिन्हं दाखवून घोटून घेतो, म्हणजे भीती मोडावी. शेवटी तेच अंगाशी येतं. सगळी चिन्हं पाठ, म्हणून जिकडे बघावं तिकडे चिन्हंच! हसलो खूप. पण एस्क्रो गावात लोक शहाण्यासारखे रांग लावून रक्त द्यायला उभे राहतात, तिथे पुस्तक मिटून ठेवलं. दात दाखवणारा आधीचा म्हातारा काउंट परवडला. तो निदान ऊन आत घेता यावं म्हणून सहज फाटतील असे पडदे तरी लावायचा.

दुधाळ: ग्रॅनीला चावल्यावर व्हॅम्पायरांनाच चहाची तल्लफ येते!! रात्री दीडला आधण ठेवलं.

कुरकुर बिजागरी: इगोरबद्दल कोणीच नाही? दारं कुरकुरलीच पाहिजेत, कोळ्यांची जाळी हवीतच, या हट्टापायी झुरणारा व्हॅम्पायरांचा जुना नोकर. लेकीला मराठीत सांगताना त्याचा बोबडा 'स' मी 'थ' केला. आता घरात पाणीसुद्धा 'थाहेब, पाणी' असंच मिळतं.

धागाकर्ती: अर्धाकप, फिनिक्सबद्दल थोडं पटतं. पण तुम्ही ओट्सच्या खऱ्या प्रसंगाआधीच थांबलात हो! सतत शंकांनी पोखरलेला तरुण धर्मोपदेशक, अर्धमेल्या ग्रॅनीला घेऊन भर पावसात डोंगर चढतो. ऊब हवी, सरपण ओलं. मग तो आपला धर्मग्रंथच पेटवतो. अख्ख्या पुस्तकात मी तिथे एकदाही हसले नाही.

अर्धाकप: बरं. पुस्तक बहिणीने नेलंय, उद्या मागते.