कॅलिपर ब्रॅकेटचा कान ६ मिमी सरकवायचाय, घरी वेल्डिंग चालेल का?

जुनी_जीप_सातारा:
नमस्कार मंडळी. वडिलांची १९८६ची महिंद्रा जीप पुन्हा रस्त्यावर आणतोय. चारही चाकांना ड्रम आहेत. पुढे डिस्क टाकायच्या म्हणून भंगारातून डिस्क, कॅलिपर (डिस्कला चिमटा घेणारा ब्रेकचा भाग) आणि तो धरून ठेवणारे ब्रॅकेट आणले. सगळं बसतंय, फक्त ब्रॅकेटच्या एका कानाचं भोक नकलच्या (चाक ज्यावर बसतं तो भाग) भोकापासून ६ मिमी बाजूला पडतंय. तो कान ग्राइंडरने कापून सरकवायचा आणि मध्ये ८ मिमीच्या पट्टीचा तुकडा घालून वेल्ड मारायचा, असं डोक्यात आहे. घरी वेल्डिंगचा २०० अँपचा इन्व्हर्टर आहे, ६०१३चे (साध्या पोलादाचे) वेल्डिंग रॉड आहेत. गेट, टेबल, ट्रॉलीचा हुक केलाय, हात बरा बसलाय. कोणी केलंय का असं?

शिरोलीकर_काका:
भाऊ, ग्राइंडर आधी खाली ठेवा. मी ३१ वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत काढली आणि तुम्ही विचारताय तेच मी स्वतःच्या जीपवर केलं होतं, म्हणून कळकळीने लिहितोय.

तुमचा ब्रॅकेट पोलादाचा नसणार. गाड्यांचे बहुतेक कॅलिपर ब्रॅकेट एसजी आयर्नचे, म्हणजे ओतीव बीडाचे असतात. त्यात कार्बन साडेतीन टक्क्यांच्या आसपास, तुमच्या पट्टीत पाव टक्काही नाही. वेल्ड मारलं की टाक्याच्या शेजारचा बीडाचा भाग झटकन थंड होतो आणि काचेसारखा कडक, ठिसूळ बनतो. टाका कितीही सुंदर दिसो, भेग त्याच्या कडेने जाते. माझ्या ब्रॅकेटने गार होताना दोनदा ‘टिक्’ केलं होतं. मी म्हटलं, स्लॅग (टाक्यावरची खपली) सुटतोय.

दीड महिना चालला. मग आंबा घाटात उतरताना ‘कडाक’ झालं आणि पेडल थेट तळाला गेलं. कॅलिपर सुटून चाकाबरोबर फिरला, रबरी पाइप तुटला, आणि एकाच सर्किटचा मास्टर सिलिंडर असल्याने चारही चाकांचा ब्रेक गेला. खालचा गिअर आणि हँडब्रेक, यावर डोंगराकडच्या गटारात गाडी घातली. शेजारी थोरली मुलगी बसली होती. घरी येऊन तुटलेला कान हातात घेतला तर दोन तृतीयांश भाग गंजून तांबूस झालेला, उरलेला ताजा, करडा. म्हणजे भेग पहिल्यापासून होती, मी रोज तिच्यावर ब्रेक दाबत होतो.

गेटशी किंवा ट्रॉलीच्या हुकाशी तुलना करू नका. हिशेब मांडा. माणसांसकट जीप १३०० किलो धरा, ब्रेक कचकन दाबला, वजनाचा भार पुढे आला. ३५ सेंमी त्रिज्येचं चाक आणि ११ सेंमीवर पकडणारा पॅड, म्हणजे एकेका पुढच्या कॅलिपरवर साडेआठशे किलोच्या आसपास ओढ. ती सगळी दोन बोल्टांवर आणि त्या कानावर. रोज शेकडो वेळा.

पिंपरी_टूलरूम:
काकांशी सहमत. आणखी दोन गोष्टी. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागावर आर्क कधीच पेटवू नका, क्लोरीनवाला क्लीनर असेल तर विषारी वायू तयार होतो. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. गाडीत फेरफार करायचा तर आधी आरटीओत विचारा, उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच पहिलं काढेल.

जुनी_जीप_सातारा:
काका, आत्ताच कानाच्या कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवून पाहिला. पट्टीच्या ठिणग्या लांब, पिवळ्या, फुटणाऱ्या. ब्रॅकेटच्या आखूड, लालसर, दगडाजवळच विझतात. ड्रिल मारलं तर लांब कीस न येता तुकडे पडले आणि बोटाला काळं लागलं. बीडच आहे. मग ६ मिमीचं काय करू?

शिरोलीकर_काका:
शाबास, आधी तपासलंत ते बरं केलंत. ब्रॅकेटला हात लावू नका. नकल आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये एक अडॅप्टर प्लेट करा, १२ मिमी जाड, आयएस २०६२ पोलादाची. एका बाजूची भोकं नकलला, दुसरी ब्रॅकेटला. वेल्ड कुठेच नाही. आधी पुठ्ठ्यावर, मग ३ मिमी पत्र्यावर नमुना करून गाडीवर लावून बघा, तेव्हाच प्लेट कापायला द्या. भोकं टूलरूममधून बोरिंग करून घ्या, घरी कानस मारून मोठी करू नका.

बोल्ट १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे), आणि लांबी अशी निवडा की दोन भागांच्या जोडावर बोल्टचा गुळगुळीत दांडा येईल, आटे नाही. प्लेटीमुळे कॅलिपर जेवढा आत-बाहेर सरकेल तेवढा हिशेबात धरा, डिस्क बरोबर मध्ये आली पाहिजे. ब्रॅकेट डिस्कला समांतर आहे का, हे डायल गेजने दोन टोकांना मोजा. तिरका बसला तर पॅड पाचरीसारखा झिजतो.

बोल्ट आवळल्यावर डोक्यावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची रेघ मारा. मोकळ्या मैदानात ताशी २०ने दहा वेळा ब्रेक दाबा, चाक काढा, रेघ तुटली का बघा. मग ४०ने पुन्हा. आणि पत्र्याचा नमुना गाडीवर लावलेला फोटो इथे टाका. प्लेट कापायच्या आधी टाका.