वर्डच्या फायलींतले मॅक्रो कोडनं काढायचेत, एरर येतोय, लवकर मदत हवी

औसारोड_टायपिंग: तहसीलसमोर टायपिंगचं दुकान आहे. जुन्या ऑपरेटरनं शपथपत्रं, भाडेकरार, वारस नोंदीचे अर्ज, सगळ्यांत मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, घालून ठेवलेत. फाइल उघडली की त्याचा मेसेज येतो, ओके दाबल्याशिवाय पुढं सरकत नाही. चारशेच्या वर फायली आहेत. व्हिडिओ बघून लूपचा कोड लिहिला तर एरर येऊलालाय. उद्या सोमवार, गर्दी असते.

मांजराकाठ: एरर नंबर? कोणत्या ओळीवर? फायली डॉक का डॉकएम (मॅक्रोवाली)? वर्ड कितीचं?

लिब्रेवाला: वर्डच काढून टाका. लिब्रेऑफिस फुकट आहे, कमांड लाइनवरून अख्खा फोल्डर एका ओळीत डॉकएक्स करतं.

औसारोड_टायपिंग: ६०६८. बाकी सगळं लिहिलंय की वर.

मांजराकाठ: वर काहीच नाही भाऊ. असो. ६०६८ म्हणजे कोडला दुसऱ्या कोडला हात लावायची परवानगी नाही. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, मॅक्रो सेटिंग्ज. तिथं व्हीबीए (मॅक्रोची भाषा) प्रोजेक्ट ऑब्जेक्ट मॉडेलवर विश्वास ठेवायची टिक आहे, ती करा. काम झालं की आठवणीनं काढा, नाहीतर कोणताही मॅक्रो दुसऱ्या फायलीत स्वतःला लिहून ठेवील. १९९९ चा मेलिसा व्हायरस असाच नॉर्मल टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्ड दर वेळी उघडतं त्या मूळ साच्यात, शिरायचा आणि आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर निघायचा.

गोदावरी_नांदेड: शपथपत्रं युनिकोडमध्ये आहेत का जुन्या फॉन्टमध्ये? आधी ते बदलून घ्या. व्हीबीएच्या खिडकीत मराठी टाकलं तर प्रश्नचिन्हं दिसतात.

लिब्रेवाला: त्यांनी फॉन्टचं विचारलंय का?

औसारोड_टायपिंग: टिक केली. आता रिमूव्ह 'धिस डॉक्युमेंट'वर अडायलंय.

मांजराकाठ: ते अडणारच. त्याचा टाइप १००, म्हणजे ते फाइलचं स्वतःचं मॉड्यूल (कोडचा कप्पा), काढता येत नाही. आतल्या ओळी पुसायच्या, डिलीटलाइन्स १ पासून काउंटऑफलाइन्सपर्यंत, आणि काउंट शून्य असेल तर सोडून द्यायचं. बाकीची मॉड्यूलं शेवटून काढत या. फायली उघडण्याआधी ऑटोमेशनसिक्युरिटी ३ करा, म्हणजे मेसेज लूपला आडवा येणार नाही.

संगणकताई_परभणी: एवढा कुटाणा कशाला? डॉकएक्समध्ये मॅक्रो राहतच नाही. सेव्हअ‍ॅज२, फाइलफॉरमॅट १२, संपला विषय. नुसतं एफ२ दाबून नाव बदलू नका, आमच्या क्लासला दर बॅचमध्ये एक जण तेच करतो.

मांजराकाठ: ताई, मॅक्रो टेम्प्लेटमध्ये असला तर डॉकएक्स करून काय उपयोग?

संगणकताई_परभणी: टेम्प्लेटचं ते कुठं म्हणालेत?

मांजराकाठ: ते कुठं काय म्हणालेत!

औसारोड_टायपिंग: भांडू नका. सगळ्या डॉकएक्स केल्या, मधी लाइट गेली, इन्व्हर्टरवर पूर्ण केल्या. मेसेज येऊलालाच. सांगायचं राहिलं, काल गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवरची फाइल उघडली, तिच्यातपण तोच मेसेज होता.

मांजराकाठ: अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं ना! फायलींत काही नव्हतंच. 'धिस डॉक्युमेंट' तर कोऱ्या फायलीतपण असतं. तुमच्या नॉर्मल.डॉटएममध्ये, म्हणजे त्या नॉर्मल टेम्प्लेटच्या फाइलमध्ये, ऑटोओपन (फाइल उघडली की चालणारा मॅक्रो) बसलाय, नाहीतर स्टार्टअप फोल्डरमध्ये एखादं टेम्प्लेट पडलंय. वर्ड बंद करा, नॉर्मल.डॉटएमचं नाव बदला. वर्ड नवीन बनवून घेतं.

लिब्रेवाला: लिब्रेऑफिसमध्ये नॉर्मल.डॉटएमच नसतं.

औसारोड_टायपिंग: गेला मेसेज! पण एफ३ दाबलं की सत्यापनाचा अख्खा परिच्छेद यायचा, तोही गेला. त्याच्यावरच दुकान चालतं.

मांजराकाठ: ऑटोटेक्स्ट (साठवलेला तयार मजकूर) जुन्या नॉर्मलमध्येच होतं. पुसलं नाही ना? मग जुनं नाव परत द्या, शिफ्ट दाबून धरून वर्ड उघडा, ऑल्ट एफ११, नॉर्मल प्रोजेक्टमधलं ऑटोओपन तेवढं काढा, सेव्ह करा. आणि ती टिक काढा.

औसारोड_टायपिंग: जमलं. परिच्छेद येतोय, मेसेज नाही. आता या चारशे फायली परत डॉक कशा करायच्या? शेजारच्याकडं जुनं वर्ड आहे, त्याच्यात उघडंनात.

गोदावरी_नांदेड: फॉन्ट कोणता ते अजून सांगितलं नाही.