दुसऱ्या राज्यातून आलेल्या शिक्षकांना दोन वर्षांचं तात्पुरतं प्रमाणपत्र द्यावं का?

रावेरकर: आमच्याकडे एमपीतल्या बुऱ्हाणपूर, खेतिया, सेंधव्याच्या सुना गावोगाव आहेत, कितीतरी जणी तिकडे डीएलएड (म्हणजे पूर्वीचं डीएड) करून एमपीची टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास झालेल्या, पण इकडे महाटीईटी, म्हणजे महाराष्ट्राची टीईटी, नाही म्हणून घरी बसून. माझं म्हणणं, त्यांना दोन वर्षांचं तात्पुरतं प्रमाणपत्र द्या, तेवढ्यात महाटीईटी अन् मराठीची परीक्षा पास झाल्या तर कायम, नाहीतर विषय संपला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बाहेरून आलेला शिक्षक तात्पुरत्या सर्टिफिकेटवर शिकवायला लागतो, बाकीच्या परीक्षा नोकरी करता करता देतो.

तापीकाठ_धुळे: अजिबात नको. इथली पोरं डीएड करून, टीईटी अन् टेट (भरतीची अभियोग्यता चाचणी) देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलीयत, वय निघून चाललंय, अन् आपण बाजूने दुसरं दार उघडायचं? तात्पुरता लागलेला माणूस पुढे कोर्टात जाऊन कायम करा म्हणतो, किती वेळा बघायचं हे? आणि केंद्राची टीईटी, सीटीईटी, आहेच की, 2021 पासून आयुष्यभर चालते, मराठी घेऊन देता येते. द्या ती अन् लागा रांगेत.

शहादा_गुरुजी: भाऊ, रांगेचं पटतं. पण नंदुरबारातल्या धडगावच्या पाड्यावर पहिलीचा वर्ग एकदा बघून या. पोरगं घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली, बोलतं, लांबच्या जिल्ह्यातून आलेले सर मराठीत विचारतात, पोरगं नुसतं तोंडाकडे बघत राहतं, सरांना वाटतं याला येत नाही. इकडे जे पावरा तेच एमपीत बडवानीकडे बारेला, बोली बरीचशी एकच, तिकडची शिकलेली बाई त्या पोराशी पहिल्याच दिवशी बोलेल.

तापीकाठ_धुळे: मग इथलीच पावरा पोरं भरा ना गुरुजी, डीएड झालेली आहेत! जागा भरत नाहीत हे खरं दुखणं, माणसं कमी नाहीत.

नवापूर_ताई: त्यांना पहिला मान, यात वादच नाही. पण आमचं स्टेशनच अर्धं गुजरातमध्ये, इकडची लेक तिकडे, तिकडची इकडे हे चालणारच. 2017 ला कायदा बदलून ट्रेनिंग नसलेल्यांनाही 31 मार्च 2019 पर्यंत मुदत दिली होती, सुप्रीम कोर्टाने 1 सप्टेंबर 2025 ला नोकरीतल्यांना टीईटीसाठी दोन वर्षं दिली, मग ट्रेनिंग झालेल्या, परीक्षा पास झालेल्या बाईलाच मुदत का नाही?

रावेरकर: ताई, अगदी हेच. तापीकाठभाऊ, तुमची भीती खरी आहे म्हणून अट घाला: जाहिरात काढूनही स्थानिक उमेदवार आला नाही तरच, सेवाज्येष्ठता धरायची नाही, मुदतवाढ नाही.

तापीकाठ_धुळे: मुदतवाढ नाही हे जीआरमध्ये लिहून दाखवा, मग बोलू.