टॉवेलची शेड जुळत नाही आणि सगळे एकमेकांवर ढकलतात, असा प्रॉब्लेम कुठून सोडवायला घ्यायचा?

एमआयडीसी_सुपरवायझर
नमस्कार मंडळी, सोलापुरात अक्कलकोट रोडला टेरी टॉवेलच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे. सूत आम्हीच रंगवतो. मरून आणि नेव्ही ब्लू कधी बरोबर येतात कधी फिके, पार्टी माल परत पाठवते. डाईंगवाले म्हणतात सूत खराब, परचेसवाले म्हणतात सूत तेच आहे, रंगवणाऱ्या मास्तरचा हात बदलला, मास्तर म्हणतो पाणी बघा. मीटिंगमध्ये मालकांचा पहिला प्रश्न चूक कुणाची, की झालं भांडण सुरू. केमिकल बदललं, सुताची पार्टी बदलली, थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच. सुरुवात कुठून करू?

रंगखाता
दादा, आधी एकदम दोन-तीन गोष्टी बदलणं बंद करा, मग फरक कशानं पडला तेच कळत नाही. चांगले लॉट आणि खराब लॉट दोन्हींचं लिहून काढा, तारीख, शिफ्ट, सुताचा लॉट नंबर, मशीन, पाणी बोअरचं का टँकरचं. सगळे खराब मालच तपासत बसतात, चांगला का चांगला आला ते कुणी बघत नाही. टॉवेल उजेडात धरा, उभे पट्टे दिसले तर बीमवर, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळावर, दोन लॉटचं सूत मिसळलंय, अख्खा लॉट सारखाच फिका असेल तर घोळ रंगाच्या मशीनवर.

आणि मास्तरचं ऐका की. नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, ते पाण्यात विरघळलेलं सगळंच दाखवतं, त्यात साधं मीठपण मोजलं जातं, हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा वेगळा तपासायचा. पाण्यात कॅल्शियम मॅग्नेशियम जास्त असलं की सोडा टाकल्यावर साका धरतो आणि रंगपण बिघडतो. पाणी मऊ करायचा सॉफ्टनर असेल तर मिठाचं रिजनरेशन, म्हणजे मिठाच्या पाण्यानं तो परत ताजा करणं, शेवटचं कधी झालं ते विचारा.

मागावरचा
पाच वेळा 'का' विचारायची पद्धत जपानच्या साकिची टोयोडांच्या नावावर सांगतात, तो माणूस आपल्यासारखा मागवालाच, १९२४ चा त्यांचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. पुढं ताइची ओहनो या इंजिनिअरनं टोयोटा मोटर कंपनीत ती रुळवली. पण तुमच्याकडं कारणं एकात एक गुंतलेली दिसतात, नुसतं का-का करत गेलं की माणूस एकाच वाटेनं जातो. तिथं जपानच्याच इशिकावांचा माशाच्या काट्यासारखा कारणांचा तक्ता बरा, सूत, पाणी, मशीन, केमिकल, माणूस अशा फांद्या काढा आणि वहीतल्या नोंदींनी एकेक खोडत जा.

जुना_जॉबर
फिका लॉट निघाला की पगारातून कापता काय? कापत असाल तर वहीत खरं कुणीच लिहिणार नाही, पाणी कमी पडलं म्हणून एक धुणं कमी केलं हे कोण सांगेल? मालकांना आधी दंड थांबवायला लावा, ते झाल्याशिवाय वरचं सगळं कागदावरच राहतंय. आणि रात्रपाळीला स्वतः जाऊन उभं राहा, केबिनमधून कळत नाही हे.

एमआयडीसी_सुपरवायझर
दंड आहे अण्णा. मालकांशी बोललो, महिनाभर बंद ठेवायला तयार झालेत. जुन्या नोंदी चाळल्या तर फिके लॉट बहुतेक बोअरच्या पाण्याचे दिसतात, पण त्याच पाण्याचे काही चांगलेपण आहेत, म्हणजे नुसतं पाणी नाही. हार्डनेसचं किट कुठं मिळेल?

रंगखाता
लॅबचं सामान विकणाऱ्याकडं मिळतं, थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं, मास्तरलाच शिकवा. आणि त्या चांगल्या लॉटच्या वेळी सॉफ्टनर नुकता रिजनरेट केलेला होता का ते बघून इथं टाका.