मदत हवी आहे: टीव्हीचा आवाज ५.१ च्या मधल्या आणि मागच्या स्पीकरला जातच नाही

सिडकोवाला:
मंडळी, तीन दिवस झाले डोकं लावतोय. नवीन टीव्ही घेतला, घरातलं जुनं ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे बासचा डबा) त्याला जोडलं, सगळं नीट जोडलंय तरी आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून येतो. बाबांना कमी ऐकू येतं, संवाद कळावेत म्हणून मधला स्पीकर मुद्दाम त्यांच्या खुर्चीसमोर लावला आणि नेमका तोच बंद. रविवारच्या आत व्हायला पाहिजे, लवकर सांगा.

तारयंत्र:
नीट जोडलंय म्हणजे कसं? कुठली वायर, कुठून कुठे?

सिडकोवाला:
टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून मागे लाल-पांढऱ्या पिनांत. सबवूफर घुमतोय की, म्हणजे वायर चांगली आहे.

तारयंत्र:
मग तिथेच अडलंय. त्या भोकातून डावा-उजवा दोनच चॅनल जातात. बास होम थिएटर त्यातूनच गाळून घेतं, सबवूफर वाजला म्हणजे ५.१ चालू झालं असं नाही.

मीरा_कोथरूड:
विका ते आणि साउंडबार घ्या. आम्ही घेतला, एक वायर, विषय संपला.

तारयंत्र:
मीराताई, चालू वस्तू का विकायची? एचडीएमआय एआरसीने जोडा, त्यात टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच होम थिएटरला जातो.

सिडकोवाला:
एआरसी टीव्हीवर लिहिलंय, होम थिएटरवर नाही. २००८ चं आहे ते, बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेलं, विकणार नाही.

तारयंत्र:
हे आधी सांगायचं ना! एआरसी आलं २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून. मागे 'ऑप्टिकल इन' (उजेडाच्या केबलने आवाज घेणारं भोक) आहे का बघा, चौकोनी, झाकण असलेलं.

बास_मास्टर:
ऑप्टिकलवर अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा डॉल्बीचा आवाज) जात नाही, त्यात पैसे घालू नका.

तारयंत्र:
अ‍ॅटमॉस मागितलंय कोणी? डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे सगळे चॅनल दाबून एकत्र पाठवलेला आवाज, ऑप्टिकलवरून व्यवस्थित जातो.

गवंडीकाका:
मागच्या स्पीकरच्या वायरी भिंतीतून पाइपात टाकून घ्या, आमच्याकडे उंदरांनी दोनदा कुरतडल्या.

सिडकोवाला:
काका, वायरी शाबूत आहेत. ऑप्टिकल आहे, केबल आणली, लावली, आता तर काहीच आवाज नाही!!

मीरा_कोथरूड:
केबलच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोप्या असतात, त्या काढल्यात का? भावाकडे हेच झालेलं. एक टोक टीव्हीत लावलं की दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसतो.

सिडकोवाला:
एका टोकाची राहिली होती! आता आवाज येतोय, पण परत दोनच स्पीकर.

तारयंत्र:
टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (न दाबलेला साधा आवाज) असेल. ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच चॅनल. तिथे डॉल्बी डिजिटल नाहीतर बिटस्ट्रीम (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं) करा आणि ५.१ वाला सिनेमा लावा. केबल टीव्हीमागे दुमडू नका, आतून तुटते.

सिडकोवाला:
झालं!!! डिस्प्लेवर डॉल्बी डी आलं, पाचही वाजले. पण बाबा बघतात त्या बातम्यांना अजून दोनच.

बास_मास्टर:
बातम्या स्टिरिओतच येतात. रिमोटवर प्रोलॉजिक शोधा, ते दोन चॅनलमधला बोलण्याचा आवाज मधल्या स्पीकरला देतं.

सिडकोवाला:
मिळालं, सराउंडच्या बटनात होतं. निवेदिकेचा आवाज आता थेट बाबांच्या समोरून येतोय. एरवी ४० वर ठेवायचे, आज स्वतः उठून २२ वर आणला. मीराताई, तारयंत्र, बास_मास्टर, मनापासून आभार. आवाज ओठांच्या किंचित मागे पडतोय, त्याला काय करायचं?

तारयंत्र:
टीव्हीत ऑडिओ डिले शून्यावर आहे का बघा, आणि होम थिएटरमध्येही.